डॉजचं हँडल

एकोडी, तालुका साकोली
१२ डिसेंबर १९८४

परसरामभाऊजींना धुरपतावहिनीचा जयभीम.

पाकीट उलटंपालटं करत बसू नका, अक्षर माझंच आहे. मैलाच्या दगडांवरून 'साकोली' वाचायला तुम्हीच शिकवलं होतं, पुढचं मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकले. म्हणून माझं लिहिणं जरा वर्तमानपत्रासारखं होतं. वाचताना तुम्ही आपल्या बोलीत वाचा.

पत्ता शेजारच्या बायजाबाईच्या जावयाने आणला. राजनांदगावला त्याची बस बिघडली. गॅरेजात एक म्हातारा खाटेवर बसून मिस्त्र्यांना शिव्या देत होता आणि प्रत्येक शिवी एकोडीची होती, म्हणून त्याने नाव विचारलं. शिव्या विसरला नाहीत हे ऐकून बरं वाटलं.

तुमचे दादा जाऊन दोन वर्षं झाली. तार दुर्गच्या जुन्या पत्त्यावर केली होती, ती तुम्हाला मिळाली नसेल असं आता वाटतं. सख्खा भाऊ मातीला आला नाही याचा राग धरून बसले होते, तो अर्धा सोडते. अर्धा राहू द्या, पुढे कामाला येईल.

आता मुद्द्याचं. मी गाडीच्या कोठ्याचं कुलूप तोडलं. किल्ली तुमच्या दादांच्या करदोड्याला असायची, ती कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. जागेश्वर लोहाराने एका घावात कोयंडा उपटला आणि म्हणाला, "काकी, आतमंदी साप असंल तर तू पहिले जा." मी पहिले गेले. साप नव्हता. आपली डॉज ट्रक होती. सत्तावन्न साली ठेवली तशीच विटांवर उभी, चाकं काढलेली. गादीत उंदरांचा संसार, मागच्या डाल्याच्या फळ्या उधळीने खाल्लेल्या, नुसती माती उरलेली. पण बॉनेट उघडलं तर इंजन जागेवर होतं. मी पदराने नंबर पुसला. वाचता आला.

आपला पोरगा तेजराम म्हणतो, तिथे विटांची खोली बांधू आणि लोखंड गोंदियाच्या कबाड्याला देऊ. लाखनीला मास्तर झाला, तेव्हापासून घरातली प्रत्येक जुनी वस्तू त्याला फळ्यावरची चूक दिसते. मी म्हटलं, गाडी चालू करणार. तो हसला. त्याच्या हसण्याने मी आणखी ठरवलं.

भाऊजी, तुम्ही जाताना इंजन फिरवायचं हँडल घेऊन गेलात. गावात अजून म्हणतात, परसरामने इंजनात साखर टाकली, गाडी जाम केली आणि हँडल घेऊन पळाला. मला त्यावर आज काही लिहायचं नाही. इंजनात काय होतं ते देव जाणे. देव सोडून अठ्ठावीस वर्षं झाली तरी ही म्हणायची सवय जात नाही.

सेल्फ तर तेव्हाही जळालेलाच होता, हँडलशिवाय ती चालू कशी करू? रेल्वे पार्सलने पाठवा. मागणं म्हणून नाही, ते गाडीचं आहे म्हणून.

तुमची वहिनी,
धुरपता यादोराव टेंभुर्णे


एकोडी
२० जानेवारी १९८५

परसरामभाऊजी,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुमच्या दादांच्या घरात छत्तीस वर्षं राहिले, न बोलणाऱ्यांशी बोलायची मला सवय आहे.

साकोलीचा भैय्यालाल मिस्त्री येऊन गेला. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, अर्धी हिंदी अर्धी मराठी. तीन दिवस गाडीखाली पाठ टेकून पडला होता. चाकं घातली. जीपचे जुने टायर चपखल बसले. ब्रेकच्या नळ्या सडल्या होत्या, त्या बदलल्या. टाकी काढून खडे टाकून हलवली तेव्हा पाटीभर गंज निघाला. पण इंजन हलेना. प्लग गंजून धरलेले, त्यातला कसाबसा एक निघाला. त्याने भोकात तार घातली, तारेला पिवळं मेणासारखं काही लागून आलं.

तो म्हणाला, "काकी, ये शक्कर नहीं है. साखर अशी नाही होत. काय टाकलं होतं यात?"

मी म्हटलं, "तू आपलं काम कर."

"काम काय करू, पत्थर झालं आहे. घासलेट ओतून दोन दिवस ठेवलं, हलत नाही."

"वैशाखात ये."

"काहून? वैशाखात मुहूर्त आहे?"

"मुहूर्त आपल्यात नाही. ऊन असते."

त्याने पाने गुंडाळले. मिस्त्री माणूस आहे, नट किती फिरवायचा आणि कुठे थांबायचं हे त्याला कळतं. चहा पिऊन गेला.

थंडीत कोठ्यात बसते मी रोज दुपारी. स्टेअरिंगवर हात ठेवला की छप्पनचा ऑक्टोबर आठवतो. तुम्ही ड्रायव्हर, मागच्या डाल्यात बेचाळीस माणसं, सगळ्यांची धुतलेली पांढरी कापडं, आणि बायजाबाईची सासू उलट्या करत करत म्हणत होती, "थांबवजो नोको, थांबवजो नोको." दीक्षेहून परत आलो तेव्हा वेशीवर लोक उभे होते. या गावाने आपल्या बाप-आज्याला दुसऱ्याच्या बैलगाडीमागून धावताना पाहिलं होतं. त्या दिवशी आपल्याच गाडीने येताना पाहिलं. तुम्ही मुद्दाम हॉर्न वाजवला होता, एकदा नाही, तलावापासून थेट घरापर्यंत. दादा ओरडले, बॅटरी उतरेल. तुम्ही म्हणालात, उतरू दे.

आता तेजराम मला सांगतो, ते लोखंड आहे. शकुन, त्याची बायको, बोलत नाही, पण काल कोठ्यात येऊन गादीतले उंदीर तिनेच हाकलले.

हँडलचं लक्षात ठेवा.

धुरपता


एकोडी
११ मार्च १९८५

परसरामभाऊजी,

काल रविवार, तेजराम घरी. सकाळी कोठ्यासमोर मेटॅडोर थांबली आणि गोंदियाचा कबाडी उतरला, सोबत दोन माणसं आणि गॅसचा कटर. तेजरामने मला न विचारता बोलावलं होतं.  मी हात धुतले, पदर खोचला आणि जाऊन डॉजच्या ड्रायव्हरच्या जागी बसले.

कबाडी म्हणाला, "आजी, बाजूला व्हा, ठिणगी उडते."

"उडू दे. लुगडं जुनं आहे."

तेजराम आला. सगळा मोहल्ला कोठ्यासमोर. तो दात चावत हळू बोलतो, वर्गात पोरांना दम देतो तसा.

"माय, उतर ना खाली. लोक पाहून राहिले."

"पाहू दे. फुकटचा सिनेमा आहे."

"हे लोखंड कोणत्या कामाचं आहे, सांग मले."

"तू पहिले दोन वर्षं कोणत्या कामाचा होता? ठेवलंच ना आम्ही तुले."

लोक हसले. तो आणखी चिडला. म्हणाला, "या गाडीनंच घर तोडलं आपलं. हिच्यापायी काका गेला. बाबा आयुष्यभर तोंड पाडून बसला. आणि तू हिले न्हाऊ घालून राहिली." असं म्हणून त्याने बॉनेटवर हाताने थाप मारली, आणि मग तोच हात मागे घेतला, कारण गंजलेला पत्रा टोचला होता. भाऊजी, त्याचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

दुपार झाली तरी मी उतरले नाही. कबाड्याची माणसं लिंबाखाली झोपली. शकुन भात आणि लाखोळीचं वरण घेऊन आली, खिडकीतून थाळी दिली, आणि परत जायचं सोडून दुसऱ्या बाजूचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. सतरा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्यासमोर मान वर केलेली मी पाहिली नव्हती. मी विचारलं, "तू काहून बसली?" ती म्हणाली, "पाय दुखून राहिले, आत्याबाई."

कबाड्याने चहा घेतला, मिशी पुसली आणि तेजरामला म्हणाला, "गुरुजी, जिथे सासू आणि सून एका सीटवर बसतात तिथे मी सौदा करत नाही." आणि मेटॅडोर घेऊन गेला.

तेजराम दोन दिवस जेवण लाखनीलाच करणार आहे. करू दे, खानावळीचं वरण खाल्लं की येईल.

खोलीसाठी विटा आणून पडल्याच आहेत, तर मी त्याला सांगून टाकलं: बुद्धपौर्णिमेनंतर महिनाभर वाट पाहा. तोवर गाडी स्वतःच्या इंजनाने कोठ्याबाहेर आली नाही, तर मी स्वतः कबाड्याला बोलावीन. हा शब्द मी दिलाय. म्हणून हँडल आता खरंच लागणार आहे.

तुम्ही तिकडे ऐकता आहात का काय, कोणास ठाऊक.

धुरपता


एकोडी
५ मे १९८५

परसरामभाऊजी,

हे पत्र बसून वाचा. उभ्याने वाचू नका.

एप्रिलच्या शेवटी भैय्यालालला बोलावलं. कोठ्याच्या छपराची कवेलू इंजनाच्या वरची तेवढी काढून टाकली, म्हणजे ऊन सरळ बॉनेटमध्ये पडेल. तीन दिवस इंजन उन्हात भाजलं. चौथ्या दिवशी दुपारी त्याने पाना लावला आणि प्लग एक-एक करत निघाले. गरम घासलेट ओतून त्याने पुढची पुली पहारीने रेटली. पहिल्यांदा काही नाही. मग भोकांतून तपकिरी, जाड तेल भळभळ वर आलं आणि कोठाभर वास सुटला.

बायजाबाई कुंपणापलीकडून ओरडली, "कोणाच्या घरी वडे तळून राहिले बाप्पा?"

टोरीचं तेल होतं ते, भाऊजी. मोहाच्या बियांचं, आपल्या घाण्यावरचं. मी टाकलेलं.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात तुम्ही नेहमीसारखे नागपूरला गॅरेजात कामाला गेलात, कारण चार महिने इथे सडकच नसायची. जाताना मला डबा दिलात. म्हणालात, वहिनी, यातलं इंजनचं तेल आठ-आठ दिवसांनी प्लगच्या भोकातून चमचा-चमचा टाका आणि हँडल एक फेरा फिरवा, नाहीतर आतून गंजेल. दादांवर नाही, माझ्यावर सोपवलंत. मला किती बरं वाटलं होतं.

आषाढात बायजाबाईच्या हेल्याला खरूज झाली. जनावराच्या खरजेवर इंजनचं तेल लावतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तो हेला रात्रंदिवस खांबाला अंग घासायचा, पाहवत नव्हतं. मी डबा देऊन टाकला. मग भीती वाटली. तुम्ही आल्यावर डबा पाहाल. घरात टोरीचं तेल होतं, नुकतं गाळलेलं, स्वच्छ. मी विचार केला, तेल ते तेल. आणि चमच्याने कशाला टाकायचं, कंजुषी कशाला, म्हणून पळी-पळी टाकलं. चार महिने. हँडल मात्र फिरवलं नाही. एक तर जोर पुरत नव्हता आणि बाई हँडल मारताना दिसली असती तर गावाने दात काढले असते.

कार्तिकात थंडी पडली, तेल आत गोठलं. टोरीचं तेल थंडीत दगडासारखं होतं हे चूल सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. पण चूल वेगळी आणि इंजन वेगळं असं मी धरून चालले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. धानाचं पहिलं भाडं होतं. त्या वर्षी तुम्हाला गाडी गोंदियाच्या ठेकेदाराकडे लावायची होती, दादांना नव्हती लावायची, तो वाद सुरूच होता. हँडल हलेना. दादांनी प्लग काढला, घाण पाहिली, आणि सगळ्या मोहल्ल्यासमोर म्हणाले, माझ्याच भावाने गाडीला जहर दिलं, साखर टाकली. घरात चहाला साखर नव्हती, पण कोणी विचारलं नाही. तुम्ही प्लग हातात घेतला, खाली ठेवला, हँडल उचललं आणि सडकेकडे चालू लागलात. मी पळी हातात धरून दारात उभी होते. तोंडातून शब्द निघाला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मग इतके दिवस झाले की निघण्यासारखा राहिला नाही.

माफी मागायला हे लिहीत नाही. माफी पत्राने मागायची गोष्ट नाही. जे केलं ते सांगते आहे.

भैय्यालालने सिलेंडरमध्ये बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "काकी, गाळ आहे, पण आत आरसा आहे आरसा. एवढी वर्षं उघडं राहिलं असतं तर भुगा झाला असता." मला त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

काल बुद्धपौर्णिमा होती. सकाळी विहारात वंदना झाली, सगळे बसलेले, मी उभी राहिले. म्हटलं, "मले एक गोठ सांगायची आहे. परसरामनं साखर नाही टाकली. टोरीचं तेल मी टाकलं. अडाणीपणानं टाकलं आणि भ्यालेपणानं लपवलं."

 मग भय्याजी, ज्याने साखरेची गोष्ट तीन गावांत नेली होती, म्हणाला, "एवढ्या वर्षांनी कायले सांगून राहिली, धुरपताबाई?"

"तेव्हा हिंमत नव्हती. आता आहे. आणि ज्यानं-ज्यानं साखर वाटली त्यानं ती आपापल्या घरी नेऊन गिळावी."

तेजराम मागे उभा होता. माझ्यामागून घरी आला. दारात म्हणाला, "काका मले डाल्यात बसवून तलावापर्यंत नेत होता. तो गेला तेव्हा मी सडकेपर्यंत धावलो. त्यानं मागं नाही पाहिलं. मी समजलो, खरंच केलं असंल त्यानं." मग म्हणाला, "तू तरी सांगाचं, माय." एवढंच. आज सकाळी त्याने डॉजची जुनी कागदं पिशवीत घातली, उद्या भंडाऱ्याला आर.टी.ओ.कडे नेणार आहे.

आता गावात तुमचं नाव धुतलेलं आहे. ते मी धुतलं असं नाही, मळवलंही मीच होतं. पण गाडी चालेपर्यंत माझं काम पुरं नाही. हँडल पाठवा.

धुरपता


एकोडी
२२ मे १९८५

परसरामभाऊजी,

तुमचं कार्ड आलं. सत्तावीस वर्षांनी चार ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की पोस्टमनला वाटलं वाचता येत नाही, तो वाचून द्यायला थांबला. तुमच्याच ओळी तुम्हाला परत लिहिते, म्हणजे कळेल तुम्ही काय लिहिलंत:

"वहिनी, प्लग नाकाला लावला तेव्हाच टोरीचा वास आला होता. दादाचा राग ठाऊक होता, म्हणून बोललो नाही. हँडल माझ्याजवळ आहे. देणार नाही."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

दिवसभर मी हातातलं काम टाकून बसले होते. संध्याकाळी उठले आणि मला राग आला. भाऊजी, तुमचा हा उपकार मला मान्य नाही. मला वाचवायला तुम्ही गेलात. मला विचारलं होतंत? दादांनी काय केलं असतं? दोन तडाखे दिले असते, आठ दिवस अबोला धरला असता, नवव्या दिवशी वाढ म्हणाले असते. ते मी सोसलं असतं. इतर गोष्टींसाठी सोसलंच की. तुम्ही माझ्या आठ दिवसांच्या बदल्यात स्वतःची सत्तावीस वर्षं दिलीत आणि वर मला न सांगता दिलीत. असा सौदा त्या कबाड्यानेही केला नसता.

आणि तुमचे दादा. ज्याला खरं माहीत नव्हतं असा या घरात तोच एक होता. आपण दोघं गप्प, आणि तो बिचारा आरडाओरडा करून एकटा खरं मानत बसला. पुढे त्याचाही आवाज गेला. दर दिवाळीला कोठ्याच्या बंद दाराला टेकून बिडी ओढत बसायचा. जायच्या आठ दिवस आधी मला म्हणाला, "सडकेवर हॉर्न वाजला काय?" मी म्हटलं, बस होती. तो म्हणाला, "नाही. परस्या असाच वाजवते."

हे तुम्हाला रडवायला लिहीत नाही. तुमच्या वाट्याचं आहे, ते तुमच्याकडे पाठवते.

आणि हँडल ठेवा तुमच्याजवळ. उशाला घेऊन झोपा. जागेश्वरने मला दुसरं केलं. जुनी लोखंडी सब्बल तापवून दोन ठिकाणी वाकवली, टोकाला खाच पाडली, तीनदा मापलं, तिसऱ्यांदा बसलं. दिसायला वाकडं आहे. म्हणाला, "काकी, कंपनीचं नाही, पण मोडणार नाही." डाल्याला फळ्या लागत होत्या, बाजारातल्या आणल्या नाहीत. कोठ्याचं दार उतरवलं. दादांनी ज्याला कुलूप घातलं होतं तेच. बिजाच्या लाकडाचं आहे, उधळीने तोंड लावलं नव्हतं. आता ते डाल्याखाली आडवं पडलं आहे आणि कोठा उघडा आहे. पुन्हा कुलूप लावायला दारच ठेवलं नाही.

राग पूर्ण परत आलाय. अर्धा सोडला होता तोही परत घेतला.

धुरपता


एकोडी
२ जून १९८५, रविवार

परसरामभाऊजी,

आज गाडी चालू झाली.

भैय्यालालने ट्रॅक्टरची बॅटरी आणली होती, व्होल्टचं काहीतरी जुळवून घेतलं. पेट्रोल टाकलं, चोक ओढला. सगळा मोहल्ला जमला, आणि दुसऱ्या मोहल्ल्यातलेही. भय्याजी खुर्ची घेऊन आला होता. भैय्यालाल हँडल मारायला वाकला, मी म्हटलं, सर बाजूला.

"काकी, उलटं मारते हे. मनगट जाईल."

"ठाऊक आहे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वेढा घालायचा नाही, आणि खालून वर ओढायचं." तुम्ही दादांना शिकवत होतात तेव्हा मी दारात तांदूळ निवडत होते. तांदळाला कान लागत नाहीत.

पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला तिने शिंक दिली आणि हँडल उलटं आलं, पण अंगठा शाबूत. गाव हसलं. सत्तावन्न साली ज्या हसण्याला भ्याले होते ते हेच, आणि खरं सांगते, काहीच लागलं नाही. तिसऱ्याला तिने धरलं. आधी पांढरा धूर, मग काळा, मग टोरीचा उरलासुरला वास, आणि मग तो आवाज. बायजाबाईने कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "धुरपता, आता तुले खांदेकरी नाही लागत. तू आपली गाडी घेऊन जाशील मसनात."

"जाताना तुलेही बसवीन," मी म्हटलं.

कोठ्याबाहेर मीच काढली. चिखलात फसली की तुम्ही सगळे ढकलायचात आणि हलकी म्हणून मला स्टेअरिंगवर बसवायचात, तेवढीच माझी शिकवणी. क्लच पायाने ओळखला. तेजराम समोर उलटा चालत "हळू, माय, हळू" करत होता. तलावापर्यंत गेले. तिथून परत येताना हॉर्न धरला तो घरापर्यंत सोडला नाही. तेजराम ओरडला, बॅटरी उतरेल. मी म्हटलं, उतरू दे. मग तो डाल्यात चढून बसला, चाळीशीला आलेला माणूस, मास्तर, पाय लोंबकळत सोडून.

शब्द माझा खरा झाला. खोलीच्या विटा आता कोठ्याच्या भिंतीला लागतील.

आता ऐका. पाऊस सुरू व्हायच्या आधी, परवा मंगळवारी, आम्ही निघतो. गावातून मी चालवणार, हे कोणी अडवू नये. पक्क्या सडकेला भैय्यालाल चालवेल. देवरीवरून सरळ राजनांदगाव. तेजराम, शकुन, आणि बायजाबाई हट्ट करून. पत्र आधी पोचेल की गाडी, हे पोस्ट आणि डॉज पाहून घेतील.

तुमच्या गॅरेजसमोर, बरोबर तुमच्या खाटेपुढे, मी गाडी बंद करीन. सेल्फ जळालेलाच आहे. जागेश्वरचं वाकडं हँडल मी मुद्दाम घरी, चुलीमागच्या खुंटीला टांगून निघते आहे. म्हणजे तिथून पुढे गाडी एकाच हँडलने चालू होईल, आणि ते तुमच्याजवळ आहे. देणार नाही म्हणता, देऊ नका. तुमच्याच हाताने मारा. जी धक्का देऊन चालू करायची ती मोटार नाही, बैलगाडी, असं तुम्हीच म्हणत होतात, तेव्हा तोही रस्ता नाही.

आम्ही पाच जण डाल्यात बसून राहू. भाताची शिदोरी आहे, घाई नाही. एकदा दिवसभर त्या गाडीत बसून मी कबाड्याला परत पाठवलंय, तुम्हीही पाहून घ्या.

ड्रायव्हरच्या जागेवर कोणी बसणार नाही.

तुमची वहिनी,
धुरपता